मुद्दाम अरुंद ठेवलेला रस्ता

ओमाहा, नेब्रास्का, अमेरिका,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा नकाशा, दोन्ही मिळालं. अभयारण्याच्या कडेने जाणारा तो पावणेचार मीटरचा रस्ता सात मीटर करायचा प्रस्ताव तुझ्या टेबलावर येऊन पडलाय, आणि तू विचारतोस, 'तुमच्याकडे जंगलातले रस्ते कसे आखतात रे?' एरवी चार ओळींत उत्तर दिलं असतं, कारण इथेही बहुतेक ठिकाणी झाडी आडवी आली की कापतात आणि पुढे जातात. पण आम्ही नुकतेच साउथ डकोटातल्या कस्टर स्टेट पार्कमधून फिरून आलोय आणि तिथले रस्ते अजून डोक्यातून जात नाहीत. त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊनच बस.

आधी जागा कुठली ते सांगतो. आमच्या ओमाहाहून निघालं की दिवसभराची गाडी आहे. आधी मका आणि सोयाबीन, मग चेंबरलेनला मिसुरी नदी ओलांडली की नुसतं गवत. झाड म्हणून दिसत नाही. आणि मग संध्याकाळच्या सुमारास पश्चिमेला काळसर डोंगर उठतात, ते ब्लॅक हिल्स. पॉन्डेरोसा पाइनची झाडी इतकी दाट की लांबून हिरवा रंग कळतच नाही. या डोंगरांच्या दक्षिण अंगाला ७१ हजार एकरांचं हे राज्य सरकारचं उद्यान आहे. राष्ट्रीय नव्हे, राज्याचं. ही गोष्ट तू तुझ्या साहेबांना आवर्जून सांग, कारण 'असलं सगळं केंद्राच्या पैशावरच होतं' हे वाक्य तुमच्याकडे फार ऐकलंय मी.

हे उद्यान उभं राहिलं पीटर नॉर्बेक या माणसाच्या हट्टामुळे. नॉर्वे-स्वीडनकडून आलेल्या गरीब शेतकऱ्यांचा मुलगा. धंदा विहिरी खोदण्याचा, म्हणजे आपल्या भाषेत बोअरवाला. पुढे १९१७ ते १९२१ राज्याचा गव्हर्नर आणि नंतर १९३६ साली वारला तोवर सिनेटर. राज्य दुष्काळी, तिजोरीत पैसा बेताचा, आणि या माणसाने ठरवलं की ग्रॅनाइटच्या सुळक्यांमधून रस्ता न्यायचा. कशासाठी? तिथे गाव नाही, खाण नाही, बाजार नाही. फक्त लोकांनी ते सुळके बघावेत म्हणून.

त्याने आखणी कशी केली ते वाच. पायी आणि घोड्यावर. डोंगर अक्षरशः पायाखाली घातला. कुठल्या वळणावर काय दिसतं, कुठला सुळका समोर ठेवायचा, कुठे झाडांच्या आडून जायचं, हे आधी डोळ्यांनी ठरलं आणि मग इंजिनियर बोलावला. त्या इंजिनियरचं नाव स्कोव्हेल जॉन्सन. सांगतात की नॉर्बेकने त्याला विचारलं, इथून रस्ता होईल का? बाकीच्यांनी नाही म्हटलेलं होतं. जॉन्सन म्हणाला, सुरुंगाची दारू पुरेशी दिलीत तर होईल. दारू मिळाली, आणि १९२२ मध्ये नीडल्स हायवे पूर्ण झाला. नावाला हायवे, राज्य महामार्ग क्रमांक ८७. लांबी साधारण २२ किलोमीटर. आम्हाला तेवढ्याला अख्खी सकाळ लागली आणि तरी मुक्ता म्हणत होती, 'बाबा, हळू घ्या.'

सिल्व्हन लेककडून शिरलो. तळं मानवनिर्मित आहे, १८८१ मध्ये एका ओढ्यावर बांध घालून केलेलं, पण चारही बाजूंनी गोलसर कातळ पाण्यात उतरलेले असल्यामुळे ते बांधलेलं वाटत नाही. तिथून रस्ता चढतो आणि दोन्ही अंगांनी दगडाच्या सुया उभ्या राहतात. हा ग्रॅनाइट जवळजवळ १७० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा काळा दगड त्याच्यापुढे कालचं पोर! खडकाच्या उभ्या भेगांमधून पाणी शिरलं, गोठलं, झिजलं आणि भेगांमधला भाग गळून पडून हे सुळके मागे राहिले.

एका ठिकाणी बाजूला जागा होती तिथे गाडी लावली आणि कटिंगजवळ गेलो. तू असतास तर तूही आधी तेच केलं असतंस. कातळावर पहारीने मारलेल्या भोकांच्या अर्ध्या नळ्या अजून दिसतात, शंभर वर्षांनंतर. बोट घालून पाहिलं, आतला दगड खरखरीत आहे पण कड कुठे फुटलेली नाही. म्हणजे गरजेपुरतीच दारू भरलेली. आणि खाली रस्त्याच्या कडेला माती सगळी चमचमत होती. वाकून पाहिलं तर अभ्रक! नखाएवढे पापुद्रे, काही तळहाताच्या अर्ध्या आकाराचे, एकावर एक चिकटलेले. त्या ग्रॅनाइटमध्ये अभ्रक, गारगोटी आणि फेल्डस्पार मोठमोठ्या दाण्यांनी भरलंय. सुनीताच्या चपलांचे तळ घरी आल्यावरही चकाकत होते.

मग बोगदा, नीडल्स आय टनेल. रुंदी आठ फूट, म्हणजे अडीच मीटरसुद्धा नाही. एका वेळी एकच गाडी. आधी थांबायचं, समोरून कोणी शिरलंय का पाहायचं, हॉर्न द्यायचा, आरसे मिटायचे आणि पहिल्या गिअरमध्ये शिरायचं. मुक्ताने खिडकीतून हात बाहेर काढला तर कातळाला लागला. त्या बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागते, पण कोणी कोणावर ओरडत नाही. पलीकडून माणूस हात करतो, 'या', आणि तुम्ही जाता. मला हे फार भावलं. त्या अरुंदपणामुळेच लोक एकमेकांकडे बघतात.

आता मुद्द्याची गोष्ट. बोगदा रुंद करणं आज काही अवघड आहे का? शंभर वर्षांत यंत्रं कुठल्या कुठे गेली. तरी तो आठ फुटांचाच आहे. मोठ्या गाड्या, घरासारख्या कॅराव्हॅन या रस्त्याने जाऊ शकत नाहीत, त्यांना आधीच पाट्या लावून दुसऱ्या वाटेने पाठवतात. बर्फ पडलं की रस्ता सरळ बंद, बर्फ वितळेपर्यंत. कोणाची तक्रार नाही. नॉर्बेकने आपल्या या डोंगरी रस्त्यांविषयी सांगून ठेवलं होतं की हे जोरात जायचे रस्ते नाहीत. ताशी वीस मैलांच्या आत गाडी चालवाल तर इथल्या देखाव्याला अर्धा न्याय मिळेल, पुरता न्याय द्यायचा असेल तर उतरून चालावं लागेल. वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटर. तुझ्या प्रस्तावात डिझाइन स्पीड, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखायचा तो वेग, किती धरलाय? नकाशावरच्या वळणांच्या त्रिज्या पाहून मला पन्नास-साठ वाटतो. गवे ज्या वाटेने पाण्यावर उतरतात तिथे साठ!

दुसरा रस्ता, आयर्न माउंटन रोड, मला जास्त जवळचा वाटला, कारण त्यात इंजिनियरिंगची खरी मजा आहे. १९३३ मध्ये पूर्ण झालेला. उद्यानाच्या अंगणातून निघून माउंट रशमोरकडे, म्हणजे चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या डोंगराकडे जातो, साधारण २७ किलोमीटर. त्यात ३१४ वळणं, १४ हेअरपिन (रस्ता उलटा फिरवणारी तीव्र वळणं), तीन बोगदे आणि तीन लाकडी पूल. दरीतून सरळ, सोपा रस्ता करता आला असता. नॉर्बेकने डोंगराच्या माथ्यावरून नेला. आणि हा संघराज्याचा क्रमांक असलेला हायवे आहे बरं का, १६ए. तुझ्या प्रस्तावात 'मानकांनुसार आवश्यक' असं जे वाक्य लिहिलेलं असणारच, त्यापुढे हे उदाहरण ठेव.

बोगद्यांची जागा अशी निवडली की तुम्ही उद्यानाकडून रशमोरकडे निघालात तर अंधारातून बाहेर पडताना समोर, बोगद्याच्या चौकटीत, ते चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे बसतात. उलट दिशेने गेलात तर ते पाठीमागे राहतात. म्हणून दिशा महत्त्वाची. पण त्यातून एक अडचण उभी राहिली: बोगदा हवा त्या उंचीवर आला की लगेच पुढे रस्ता झपकन खाली उतरवायचा, आणि उतरायला जागा नाही, डोंगराचा उतारच तेवढा. हेअरपिन बसत नाही. तेव्हा सी. सी. गिडियन या माणसाने युक्ती काढली. रस्ता बोगद्यातून बाहेर आला की पुलावर घ्यायचा, गोल फिरवायचा आणि त्याच पुलाखालून काढायचा. डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं म्हणून 'पिगटेल ब्रिज'. आणि पूल लोखंडाचे नाहीत, काँक्रीटचे नाहीत. ओंडक्यांच्या उभ्या खांबांवर. जंगलात जंगलाचाच माल शोभतो, हा विचार.

मी पुलाखाली उतरून बराच वेळ उभा राहिलो. तिरपे आधार, त्यांचे बोल्ट, आणि वरून गाडी गेली की लाकडातून येणारा धडधड असा आवाज. सुनीता म्हणाली, 'आपण डोंगर बघायला आलोय की पुलाचे पाय?' मी म्हटलं, दोन्ही. विलास, आपण कॉलेजात वर्तुळाकार वळणाचं गणित किती वेळा सोडवलं. पण वळण कागदावर लहानात लहान खर्चाचं काढायचं एवढंच शिकलो. माणसाला बोगद्यातून बाहेर पडल्यावर काय दिसावं, याला त्या गणितात रकानाच नव्हता.

काही ठिकाणी तर झाडी दाट आली तशी रस्त्याची दोन फाळकं केलीत. जायची बाजू वेगळी, यायची वेगळी, प्रत्येकी एकेरी, मधे आणि दोन्ही कडांना झाडं. एक रुंद पट्टा कापण्याऐवजी दोन बारीक वाटा. पाइनच्या फांद्या वर एकमेकींना भिडतात. हे तुझ्याकडे जमू शकतं. विशेषतः नकाशावर तू जिथे लाल पेनाने गोल केलाय, तिथे.

डोंगरातल्या कोरीव चेहऱ्यांबद्दल माझं मत विचारशील, तर मला ते नको होते. मुळात डोन रॉबिन्सन नावाच्या राज्याच्या इतिहासकाराच्या मनात होतं की पुतळे या नीडल्सच्याच सुळक्यांमध्ये कोरावेत. शिल्पकार गुत्झोन बोर्गलमने येऊन पाहिलं आणि हा दगड कामाचा नाही म्हणून तो रशमोरकडे गेला. सुळके वाचले, देवाची कृपा. आणि हे सगळे डोंगर मुळात लाकोटा या इथल्या आदिवासी लोकांचे. १८६८ च्या फोर्ट लारामीच्या तहात सरकारने ते त्यांना लिहून दिले होते. १८७४ मध्ये जनरल कस्टर फौज घेऊन आला, याच उद्यानातून वाहणाऱ्या फ्रेंच क्रीकच्या पात्रात सोनं सापडलं, आणि १८७७ मध्ये सरकारने डोंगर काढून घेतले. १९८० साली इथल्या सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली, दहा कोटी डॉलरहून जास्त. लाकोटांनी ती आजवर घेतलेली नाही. त्यांना पैसे नकोत, डोंगर हवेत. असं असताना उद्यानाला नाव कोणाचं, तर कस्टरचं! सगळ्यात उंच शिखराचं जुनं नाव २०१६ मध्ये बदलून लाकोटांचा साधुपुरुष ब्लॅक एल्क याचं दिलं, तेवढं तरी झालं. धरणाखाली गेलेल्या आणि अभयारण्यातून उठवलेल्या गावांच्या फायली तू हाताळल्यास, तुला हे जास्त समजेल.

तिसऱ्या दिवशी वाइल्डलाइफ लूप. हा डांबरी फेरा २९ किलोमीटरचा, पण खरी मौज त्याला फुटलेल्या खडीच्या फाट्यांवर. लेम जॉनी रोड, ओक ड्रॉ रोड अशी नावं. लेम जॉनी म्हणजे एक लंगडा घोडेचोर, लोकांनी त्याला पकडून झाडाला लटकवलं म्हणे, त्याचं नाव आधी ओढ्याला लागलं. या फाट्यांवर रोलर फिरवलेला मुरूम आणि बारीक खडी, चारचाकीची खास गाडी लागत नाही, पण पाऊस झाला असेल तर जपून. झाडी विरळ होते, मग गवताळ पठार, मग पुन्हा पाइन, आणि ओढ्याकाठी पिवळी झालेली पानं. पाइनचं एक मोठं खोड दिसलं, नारिंगी सालीचं, तिच्या भेगेत नाक खुपसून हुंगलं. व्हॅनिलाचा वास येतो, खरंच! जुन्या पॉन्डेरोसाला ऊन लागलं की येतो. मुक्ता मग प्रत्येक झाडाला नाक लावत चालली.

काही उतारांवर मात्र नुसती काळी खोडं उभी आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये विजेच्या तारेवर झाड पडून वणवा लागला, लीजन लेक फायर म्हणतात त्याला, ५० हजार एकरांहून जास्त जळलं. खाली आता गवत गुडघ्याएवढं आहे, आणि बायसन चरायला नेमके तिथेच.

हो, बायसन. आपल्या दाजीपूरच्या गव्याचा लांबचा भाऊबंद, पण अंगावर केसांचं घोंगडं पांघरलेला. एका वळणावर कळप रस्त्यावरच होता. गाडी बंद केली, काचा खाली घेतल्या. एक मोठा बैल बंपरपासून हातभर अंतरावरून गेला. त्याच्या दाढीला गवताच्या काड्या आणि गोखरूसारखी कुसळं अडकलेली, नाकपुड्या ओल्या, आणि खडीवर खुरांचा कर्रकर्र आवाज. डोळा एकदा आमच्याकडे वळला आणि पुढे गेला, आम्ही त्याच्या खिजगणतीतही नव्हतो. अर्धा तास कोणीही हललं नाही. मागे सहा-सात गाड्या, एकानेही हॉर्न वाजवला नाही. रस्ताच असा की मागून कोणी साठच्या वेगाने येऊन धडकण्याची भीती नाही, म्हणून हे शक्य.

१९१४ साली इथे ३६ बायसन आणून सोडले. आता पावसाळा संपता संपता कळप तेराशे-चौदाशेवर जातो. गवत किती, त्यावर किती जनावर पोसेल, याचा दरवर्षी हिशेब करतात. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी घोडेस्वार सगळा कळप हाकत आणतात, वासरांना लस आणि डाग, आणि गवताला न पेलणारी जास्तीची जनावरं लिलावात विकतात. हजारो लोक बघायला येतात. आम्ही त्या गर्दीच्या आधीच निघालो. त्याच फेऱ्यावर गाढवं भेटतात, खिडकीतून तोंड घालून खायला मागणारी. पूर्वी सिल्व्हन लेकपासून शिखरावर पर्यटकांना पाठीवरून नेत, त्या गाढवांची ही पिल्लावळ. मुक्ताची आणि एका पांढऱ्या गाढवाची इतकी गट्टी जमली की निघताना ती गप्प झाली.

आता तुझ्या रस्त्याविषयी. मी बाहेरचा, तिथली दाबादाबी तुलाच माहीत, पण मनापासून वाटतं ते लिहितो. रस्ता सरसकट सात मीटर करू नकोस. आहे तोच पावणेचार मीटर पक्का कर, साइडपट्ट्या नीट भर, मोऱ्या मोठ्या कर, आणि नजर पोचेल तेवढ्या अंतरावर समोरासमोर गाड्या सुटायला जागा दे, जिथे झाड नाही अशाच ठिकाणी. एसटी जायलाच हवी, खेड्यांतल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोचायलाच हवं. त्याला रुंदी नव्हे, खड्डे नसलेला आणि पावसात न वाहून जाणारा रस्ता लागतो. रुंद केलास की शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्या सुसाट येतील, आणि पहिल्याच पावसाळ्यात गवा मेल्याची बातमी तू वाचशील. रात्री गेट बंद ठेवायचा विषय वनखात्याशी आत्ताच बोल, रस्ता झाल्यावर कोणी ऐकणार नाही.

आणि सही करण्याआधी पूर्ण लांबी चालून ये. जीपमधून नको. एखादा जुना मैलकुली सोबत घे, त्याला जनावरांच्या वाटा माहीत असतात. झाडांची यादी करताना नुसती संख्या नको, जांभूळ किती, अंजनी किती, हिरडा किती, घेर किती, हे साखळी क्रमांकानुसार, म्हणजे रस्त्यावर कितव्या मीटरला ते धरून, लिही. कागदावर 'अडथळा ठरणारी ४१२ झाडे' लिहिलं की ती तोडणं सोपं जातं. नाव आणि घेर लिहिला की तोडणाऱ्याला प्रत्येकासाठी कारण द्यावं लागतं. नॉर्बेककडे गव्हर्नरकी होती, तुझ्याकडे निदान मोजणीवही आहे.

पुढच्या वर्षी निवृत्तीनंतर तू आणि वहिनी येणार म्हणालात ते पक्कं कर. सप्टेंबरच्या मध्याला ये, तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात आणि गर्दी ओसरते, नीडल्सचा रस्ताही उघडा असतो. तंबू नको, साध्या लाकडी केबिन मिळतात, पण त्या महिनोन् महिने आधी भरतात, म्हणून तारखा मला दिवाळीपर्यंत कळव. वहिनींना घाटात त्रास होतो हे लक्षात आहे; पुढे बसवू आणि आलेपाक बरोबर ठेवू.

आईंच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस. त्यांना माझा नमस्कार सांग. सुनीता वहिनींना स्वतंत्र लिहिणार आहे.

तुझा,
अशोक

ता. क. नकाशाच्या कोपऱ्यात समोच्च रेषा पुसट आल्यात. तो भाग पुन्हा फोटो काढून पाठव, शक्यतो उजेडात. लाल गोलाजवळ दोन एकेरी वाटा बसतात का, ते या शनिवारी काढून बघतो.